अश्वत्थाम्याचा भयपट: पैसा कमी पडला की पटकथा?

राजवाडा_इंदूर
अश्वत्थाम्यावरचा तो कमी खर्चाचा भयपट इंदुरात लागला आणि आठवडाभरात उतरला. चार विद्यार्थी मध्य प्रदेशातल्या निमाडात असीरगड किल्ल्यावर रात्र काढतात, कपाळावरच्या जखमेला तेल-हळद मागत अश्वत्थामा येतो आणि एकेकाला मारतो. जो तो म्हणतोय, पैसा नव्हता. मला नाही पटत. महाभारताच्या सौप्तिकपर्वात सगळी भीती तयार आहे. वडाखाली त्याचे साथीदार कृपाचार्य आणि कृतवर्मा झोपलेत, हा एकटा जागा. घुबड येऊन झोपलेल्या कावळ्यांचे पंख, माना, पाय तोडतं. ते बघून त्याला पांडवांच्या छावणीवर रात्री चालून जायचं सुचतं. तिथे द्रौपदीचा भाऊ धृष्टद्युम्न विनवतो, निदान शस्त्राने तरी मार. हा लाथांनी मारतो. आणि कालरात्री, ती मृत्यूची देवी! लाल तोंड, लाल माळा, हातात पाश. मेलेल्यांना बांधून नेणारी ही बाई योद्ध्यांना युद्ध सुरू झाल्यापासून स्वप्नात दिसत होती. हे दाखवायला एक तंबू आणि दोन मशाली पुरतात. शिवाय त्याला कृष्णाचा शाप काय, तर तीन हजार वर्षं एकट्याने भटकायचं, कुणाशी बोलणं नाही. चित्रपटात मात्र तो पानपानभर संवाद म्हणतो!

छावणीकर
साफ असहमत. घुबड वन्यजीव कायद्यात येतं, पकडून आणता येत नाही. संगणकावर करायचं तर पैसा. असीरगड पुरातत्त्व खात्याकडे, तिथे रात्रीचं चित्रीकरण अवघड. म्हणून भर दुपारी शूट करून चित्र काळं केलं, आणि सावल्या धारदार राहिल्या. बाकी तेल-हळदीची गोष्ट निमाडात घराघरात माहीत आहे. लोक त्यासाठीच तिकीट काढतात, पर्वासाठी नाही.

राजवाडा_इंदूर
घुबड दाखवायचंच कशाला? झोपलेल्या कृपाचार्यांच्या अंगावर वरून काळी पिसं पडू द्या. घुबडाचं उडणं तसंही ऐकू येत नाही.

साउंडवाला
फुकटात सुधारण्यासारख्या चुका सांगतो. हॉस्टेलच्या सीनमध्ये ट्यूबलाइटमुळे पडद्यावर पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर (अंश म्हणजे ते किती उघडं राहतं) म्हणजे प्रत्येक फ्रेमवर १/४८ सेकंद उजेड, ते दिव्याशी जुळत नाही. १७२.८ अंश केलं की १/५० होतं, पट्टे गेले. दुसरं, डबिंग केलं पण जागेचा आवाज भरलाच नाही, म्हणून दोन वाक्यांमध्ये आवाज पार मरतो. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते. आणि जखम! संगणकावर चिकटवलेली, मान वळली की भुवईकडे घसरते. सिलिकॉनचा पातळ कडांचा तुकडा लावायचा. काढताना कडा फाटतात, म्हणून दिवसाला एक नवा धरायचा; साचा एकदाच लागतो.

छावणीकर
जखमेचं मान्य. पण दुपारची रात्र टाळायची तर सूर्य मावळल्यावरचा उजेड पकडावा लागतो. तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, त्यात दोन-तीन शॉट होतात. म्हणजे दिवस वाढले, आणि युनिटचं जेवण, गाड्या, कॅमेऱ्याचं भाडं रोजच्या हिशेबाने वाढलं. हा खर्च तुमच्या दोन मशालींत कुठे धरलाय?