मदत हवी आहे: अनेक सिम्युलेटर रिगचा टेलिमेट्री डेटा एकत्र कसा साठवावा?

नमस्कार. एकाच स्थानिक नेटवर्कवरील सहा रेसिंग सिम्युलेटर रिगचा (स्टिअरिंग, पेडल व संगणक असलेल्या आसन-संचांचा) टेलिमेट्री डेटा, म्हणजे वेग, ब्रेक वगैरेंच्या सतत येणाऱ्या नोंदी, एका मध्यवर्ती संगणकावर गोळा करण्याची व्यवस्था मी उभारत आहे. अडचण अशी की प्रत्येक गेमची तऱ्हा निराळी आहे: एफ-वन मालिकेतील गेम मूळ सेटिंगनुसार 20777 या पोर्टवर यूडीपी (पोच न घेता नेटवर्कवर डेटा पाठवण्याची पद्धत) पॅकेट पाठवतात, आयरेसिंग सेकंदाला 60 नोंदींची आयबीटी फाइल (तिची स्वतःची टेलिमेट्री फाइल) लिहिते, तर असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेची माहिती त्या त्या रिगवरच चालणाऱ्या प्रोग्रामने शेअर्ड मेमरीतून (एकाच संगणकावरील प्रोग्राम मिळून वापरतात त्या मेमरीतून) वाचावी लागते.

यूडीपीत हरवलेले पॅकेट पुन्हा येत नाही, म्हणून मूळ नोंदी आधी रिगवरच साठवून सत्र संपल्यावर मध्यवर्ती संगणकाकडे पाठवाव्यात, असा माझा कल आहे. मात्र प्रशिक्षकाला थेट आलेखही हवे असल्याने दोन्ही मार्ग समांतर चालवणे कितपत शहाणपणाचे ठरेल? दोन चालकांच्या ब्रेकिंगची तुलना वेळेऐवजी लॅपमधील अंतरावर केलेली बरी, हे मला पटते. तरीही व्हिडिओशी मेळ घालायचा तर सर्व रिगची घड्याळे जुळलेली हवीत, आणि त्यासाठी एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची पद्धत) पुरेसे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

चालकाने फ्लॅशबॅक (चूक झाल्यावर गेम थोडा मागे नेण्याची सोय) वापरला की सत्राची वेळ मागे जाते आणि नोंदी एकमेकींवर चढतात (सरावात हे सतत घडते). अशा रद्द झालेल्या नोंदी पुसाव्यात की खूण करून ठेवाव्यात? शिवाय दीर्घकाळ साठवणीसाठी टाइम-सिरीज डेटाबेस (वेळेनुसार नोंदी साठवणारा) योग्य, की प्रत्येक सत्राची स्वतंत्र पार्के फाइल (डेटा स्तंभांनुसार आटोपशीर साठवणारी)?