सायंकाळी अनावर होणाऱ्या आजींना कसे सांभाळावे?

प्रश्न : वृद्धाश्रम व्यवस्थापक
आमच्याकडील एका आजींना स्मृतिभ्रंश आहे. दिवसभर त्या शांत असतात; मात्र दिवेलागणीला घरी जायचे म्हणून फाटकाशी येतात, मावशींनी पैसे चोरले असे म्हणतात आणि अडवले की हात उगारतात. गेल्या आठवड्यापासून हे फारच वाढले असून खोलीतील दोघींची झोप होत नाही. झोपेची गोळी सुरू करावी किंवा मुलाला बोलावून आजींना घरी पाठवावे, असे विश्वस्तांचे म्हणणे आहे. इतर संस्था अशा वेळी काय करतात?

उत्तर : निवृत्त परिचारिका
स्मृतिभ्रंश सहसा हळूहळू वाढतो. आठ दिवसांत एवढा फरक पडला असेल, तर कारण आधी शरीरात शोधावे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, दुखरा दात, नवे औषध, यांपैकी काहीही असू शकते आणि या वयात ताप न येताही नुसता गोंधळ वाढू शकतो. झोपेच्या गोळीने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. मनोविकारांवरील काही औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 मध्येच दिला आहे. ती कधीच देऊ नयेत असे नव्हे. परंतु इतर उपाय थकल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मुदत ठरवूनच द्यावीत. विश्वस्तांना हे लेखी कळवा.

उत्तर : पर्यवेक्षिका, दुसरी संस्था
वही ठेवा : वेळ, त्याआधी काय घडले, समोर कोण होते, कशाने निवळले. आमचे एक आजोबा केवळ आंघोळीच्या वेळी मारायला धावत. नोंदी पाहिल्यावर कळले, की डोक्यावर अचानक तांब्या ओतला की ते बिथरतात. मग त्यांना स्टुलावर बसवून, पाणी पायांपासून सुरू करून तांब्या त्यांच्याच हाती दिला, तेव्हा मारामारी थांबली. तुमच्याकडे मावशींची पाळी किती वाजता बदलते?

उत्तर : एका रुग्णाची मुलगी
चोरी झालीच नाही, हे पटवत बसू नका. ‘चला, आपण शोधू’ म्हणा. आईसाठी आम्ही तिच्या बटव्यासारखाच दुसरा बटवा सुटे पैसे घालून कपाटात ठेवला आहे.

प्रश्नकर्ता
पाळी सहाला बदलते आणि पिशव्या घेऊन घरी निघालेल्या मावशी आजींच्या दारावरूनच जातात. हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्यांना मागच्या दाराने जाण्यास सांगतो आणि उद्याच डॉक्टरांना बोलावतो. गोळीचा निर्णय तोवर स्थगित ठेवला आहे.