ज्याला सगळे मान्य नाही, तो धर्मपिता होऊ शकतो का?

खाडीकाठ

आमच्या सिंधुदुर्गातील वाडीत सध्या एका प्रश्नावरून घरोघरी वाद चालू आहे. व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका तरुणाला त्याच्या बहिणीने आपल्या बाळाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा पालक, होण्याची विनंती केली. त्याने प्रामाणिकपणे कळवले की येशूच्या शिकवणीप्रमाणे जगण्याचा तो प्रयत्न करतो, परंतु कुमारीच्या उदरी झालेला जन्म, पाण्यावरून चालणे किंवा रिकामी कबर या गोष्टी घडलेला इतिहास म्हणून त्याला मान्य करता येत नाहीत. अशा माणसाने बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेऊन उभे राहू नये, असे वडीलधाऱ्यांचे मत पडले. माझे मत नेमके उलट आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचा जो प्रसंग आहे, त्यात कोणालाही मतांविषयी एकही प्रश्न विचारलेला नाही. भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस केली का, एवढेच विचारले जाते. आणि विशेष म्हणजे ज्यांनी हे केले, त्यांना आपण कोणाची सेवा केली हे ठाऊकही नसते. आपल्या किनाऱ्यावरचा परका शोधायला लांब जावे लागत नाही. हापूसच्या बागा राखण्यासाठी नेपाळहून आलेली कुटुंबे हंगामभर आपल्या कुंपणाच्या आत राहतात, पण आपल्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) जेवणाला त्यांना कोणी बोलावत नाही. गेल्या हंगामात अशाच एका राखणदाराच्या बायकोला बाळंतपणासाठी मध्यरात्री गाडी काढून रुग्णालयात नेले, ते याच 'अविश्वासू' तरुणाने. लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणून घरी परतलेले आम्ही सगळे त्या वेळी झोपलो होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोममधील बालसुधारगृहात जाऊन कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या आणि एक मुसलमान मुलगीही होती. त्यांच्यापैकी कोणाला आधी मतप्रतिज्ञा, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणायला लावलेली नव्हती. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावर अँग्लिकन मठातील भगिनींशी वाद घातला, आणि पुरोहितांचे एक जोखड मानेवरून उतरवल्यावर दुसरे चढवून घेण्यास साफ नकार दिला. त्या ख्रिस्ती नव्हत्या, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तिरफळ

आपण मत्तयाचा आधार घेतला आहे, पण त्या प्रसंगातील मुख्य गोष्ट वगळली आहे. त्या न्यायासनावर मनुष्याचा पुत्र बसलेला आहे. भुकेल्याला दिलेले अन्न मलाच दिले, असे तो म्हणू शकतो, ते तो कोण आहे यामुळे. सिंहासन रिकामे केले की खाली उरतो तो एक चांगला उपदेश, आणि चांगल्या उपदेशासाठी कोणाला बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत जाण्याची गरज नाही. राखणदाराच्या पत्नीला रुग्णालयात नेणे हे थोर काम आहे; तसे काम कोणताही सज्जन शेजारी करतो आणि केलेही पाहिजे. प्रश्न तो सज्जन आहे की नाही हा नव्हता.

पौलाने करिंथकरांस लिहिताना पळवाट ठेवलेली नाही: ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला नव्या करारातील चमत्कारांच्या जगावर विश्वास ठेवणे शक्य नाही, असे जर्मन अभ्यासक रुडोल्फ बुल्टमान यांनी १९४१ मध्ये मांडले होते. त्यांनी आमचा किनारा पाहिलेला नव्हता. वसई-उत्तनचा नाखवा फिश फाइंडरच्या पडद्यावर मासळीचा थवा पाहून जाळे टाकतो आणि त्याच बोटीवर धर्मगुरूंकडून पवित्र पाणी शिंपडून घेतो. त्याला यात कोणताही विरोध जाणवत नाही, आणि तो अडाणी आहे म्हणून जाणवत नाही असेही नव्हे. कोणते काम यंत्राचे आणि कोणते देवाचे, हे समुद्रावर जाणाऱ्याला आपल्यापेक्षा अधिक नीट कळते.

रमाबाईंच्या बाबतीत तर आपण अर्धेच सांगितले. बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो काही वर्षांनंतर मिळाला, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत नमूद केले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलींना त्यांनी आणले, ते त्या अनुभवानंतर. करुणेचा झरा कोठून फुटला, हे त्यांना विचारले असते तर त्यांनी आपले उत्तर दिले नसते.

सुरंगी

दोघांचेही म्हणणे वाचले. करुणा आणि सिद्धांत हे दोन वेगळे डबे आहेत असे आपण दोघेही गृहीत धरता, हे मला पटत नाही.

आत्महत्या केलेल्या व्यक्तीचे उदाहरण घ्या. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेप्रमाणे, मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दिसले नसेल, तर जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. माझ्या आजीच्या पिढीतील बायका अशा घरांविषयी आवाज खाली करून बोलत. १९८३ च्या संहितेत ती बंदी राहिली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट केले की तीव्र मानसिक त्रासामुळे त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते आणि तिच्या तारणाविषयी कोणी निराश होऊ नये. म्हणजे तिरफळ, आपण ज्याला न हलणारा पाया समजता, तिथले नियमही बदलले आहेत, आणि ते करुणेनेच बदलले. पण खाडीकाठ, तुम्हीही लक्षात घ्या: एखाद्या मवाळ फादरने गुपचूप प्रार्थना म्हटली, एवढ्याने त्या घरांचे दुःख हलके झाले नसते. लिहिलेला नियम बदलला, तेव्हा त्या आईला इतरांसारखे उजळ माथ्याने दफनभूमीत जाता आले. ज्यांना सिद्धांतच नको आहेत, ते सिद्धांत सुधारण्याच्या कामात कसे पडणार?

बायकांच्या बाबतीतही तेच. पवित्र गुरुवारी बायकांचे पाय धुण्यास अधिकृत मान्यता मिळाली २०१६ मध्ये, आणि मिस्सेतील (चर्चमधील मुख्य उपासनेतील) वाचकाची, म्हणजे बायबलमधील उतारे वाचण्याची, सेवा औपचारिकपणे त्यांच्यासाठी खुली झाली २०२१ मध्ये. आमच्याकडच्या बायका वाचने त्यापूर्वी कितीतरी वर्षे करीत होत्या, ही गोष्ट निराळी.

आडवाट

मी ख्रिस्ती नाही, रत्नागिरीकर आहे. नियम आणि मते बाजूला ठेवून फक्त दया आणि भक्ती उरणार असेल, तर ते आणि आमची वारकरी परंपरा यांत वेगळे काय राहिले? खोडसाळपणा म्हणून विचारत नाही.

खाडीकाठ

हा प्रश्न तुमच्या जिल्ह्यातीलच एका माणसाने स्वतःच्या आयुष्यात सोडवून पाहिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांना जागा होती. जहाजावरच्या आमच्या तरुणाला त्या दरबारात कोणी दारात अडवले नसते.

तिरफळ

टिळकांचा दरबार खुला होता हे खरे, परंतु तो कोणाचा दरबार होता हे त्यांच्या अभंगांवरून कोणालाही कळते. त्यांत ओळीओळीतून ख्रिस्ताला, जिवंत ख्रिस्ताला, हाक मारलेली आहे. केवळ त्याच्या शिकवणीचे कौतुक करून ते थांबलेले नाहीत. आडवाट यांच्या प्रश्नाचे माझे उत्तरही तेच आहे. भक्तीची रीत एकमेकांच्या जवळची असू शकते, पण भक्ती कोणाची हा फरक टिळकांनी कधीच पुसला नाही. शिवाय १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. मंडळी, उपासना, प्रभुभोजन ही चौकट कंटाळवाणी असेल, पण पुढच्या पिढीच्या हाती देता येते ती तीच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आपण सगळे त्यापासून बरेच लांब आलो आहोत. सध्याच्या संहितेप्रमाणे धर्मपित्याला सर्वसाधारणपणे १६ वर्षे पूर्ण झालेली असावीत, त्याचा दृढीकरण-संस्कार (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करण्याचा विधी) झालेला असावा आणि त्याचे जीवन श्रद्धेला साजेसे असावे. शेवटच्या अटीवर आपण अडलो आहोत. मात्र बाळाच्या बाप्तिस्म्याच्या विधीतच धर्मगुरू आईवडिलांना आणि धर्मपालकांना श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरे मोठ्याने द्यायची असतात. तेव्हा वाडीतील वडीलधाऱ्यांनी घरात बसून त्याची उलटतपासणी घेण्याचे कारण नाही. त्याने ते प्रश्न आधी वाचावेत, फादरांना भेटावे आणि आपल्याला खोटे न बोलता उत्तर देता येते का, हे स्वतः ठरवावे.

सुरंगी

हे मान्य आहे, पण एका अटीवर. त्याच दिवशी कुंडाजवळ उभे राहणाऱ्या बाकीच्या पालकांनीही ते प्रश्न तितक्याच गांभीर्याने आधी वाचावेत. नाहीतर शंका बोलून दाखवणाऱ्या एकट्यालाच परीक्षा द्यावी लागेल आणि कधीच विचार न केलेले सगळे पास होतील.

तिरफळ

त्याला माझा विरोध नाही. उलट बाप्तिस्म्यापूर्वीच्या तयारीचा वर्ग आमच्याकडे अर्ध्या तासात उरकला जातो, त्याविषयी मी स्वतः पॅरिश कौन्सिलमध्ये बोलणार आहे. तो तरुण रजेवर कधी येतो ते कळवा. वर्ग त्या सुमारास ठेवता येईल.

खाडीकाठ

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याला प्रश्नांचा कागद आजच पाठवतो. तो काय उत्तर देईल हे मला ठाऊक नाही, आणि त्याने नकार दिला तर तो मी आपल्या बाजूचा पुरावा मानणार नाही, तसाच आपणही मानू नये.