दिवाळी अंकाचे फोटो: २०० केबी आणि हरवलेला अनुस्वार

प्रेषक: संपादन समिती

नमस्कार मंडळी,

अंकाची साइट २०० केबीपेक्षा मोठं चित्र घेत नाही. गिरगावच्या काकांनी पाठवलेले चाळीस फोटो एकेक पाच-सहा एमबीचे. काल रात्री बसून सगळ्यांची गुणवत्ता (सेव्ह करताना निवडायचा शंभरपर्यंतचा आकडा) खाली खाली आणत ८ वर नेली, तेव्हा कुठे बसले.

आज सकाळी मुद्रितशोधनवाल्या ताईंचा निरोप आला: फराळाच्या लेखातल्या पाटीवर ‘घरगुती करज्या’ असं अशुद्ध लिहिलंय, फोटो बदलता येईल का? पाटी ठाकूरद्वारची आहे आणि दुकानदाराने अनुस्वार दिलेला आहे. तो मी खाल्ला. चौपाटीच्या फोटोत आकाशाला फरशा बसल्यात त्या वेगळ्याच.

काका, काहीतरी सुचवा. आणि एक कबुली: मूळ फाइलींवरच सेव्ह केलं.

प्रेषक: काका, गिरगाव

अरे बाबा, मूळ फाइलीवर कोणी सेव्ह करतं का! असो. पुन्हा पाठवतो. मेलला जोडलं की फाइल एक-तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २५ एमबीच्या मेलमध्ये खरी १८ एमबीच मावते. म्हणजे तीन-तीन फोटो, चौदा मेल. कोणी ओरडू नका. व्हॉट्सअॅपवर मागू नकोस. तिथे फोटो म्हणून टाकला की तो आधीच दाबला जातो, आणि दाबलेलं पुन्हा दाबणं म्हणजे उकडलेला बटाटा पुन्हा उकडणं.

आता तुझं चुकलं कुठे ते सांगतो. माझ्या फोनचा फोटो ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. २०० केबी म्हणजे साधारण १६ लाख बिट, बिट हा फाइलीतला सगळ्यांत लहान कण. सात पिक्सेलांत मिळून एक बिट! एक मोदक सात जणांत वाटलास, मग कोणाच्या तोंडाला चव लागणार? आधी पंगत लहान कर. फोटो १२०० बाय ९०० केलास की पिक्सेल उरतात पावणेअकरा लाख, प्रत्येकाला दीड बिट. वाचणारा फोनवर किंवा लॅपटॉपवर वाचणार, त्याला ४००० पिक्सेल दिसणार तरी कुठे?

आम्ही छपाईसाठी फोटोचे ब्लॉक (धातूचे ठसे) करायचो तेव्हा हेच होतं. वर्तमानपत्राच्या कागदाला ६५ ची जाळी (इंचात ठिपक्यांच्या ६५ ओळी), आर्ट पेपरला १३३ ची. गिऱ्हाईक हौसेने म्हणायचं, बारीक जाळी घ्या. घेतली की रद्दी कागदावर शाई भरायची आणि नवऱ्यामुलाचा चेहरा काजळीसारखा. जाळी कागद बघून ठरवायची असते, हौस बघून नाही. (डीपीआयचा, म्हणजे इंचात किती ठिपके त्याचा, आकडा ७२ की ३०० यावर डोकं घालवू नकोस. पडद्यावर पिक्सेलच मोजायचे.)

लहान केल्यावर मग गुणवत्ता. तो आकडा टक्के नव्हे, आणि दोन सॉफ्टवेअरांचा ८० सारखा नसतो. फाइल किती केबीची होईल हे आधी सांगताही येत नाही, चित्रावर ठरतं. मोकळं आकाश चटकन दबतं, दादरच्या फूलबाजारातली गर्दी दबता दबत नाही. म्हणून निम्म्या-निम्म्याने शोध: ५० वर करून बघ, जागा उरली तर ७५, जास्त झालं तर ६२. सात फेऱ्यांच्या वर लागत नाहीत. गिम्पमध्ये (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यू चालू ठेवलास तर फाइलचा आकार तिथेच दिसतो. चाळीस एकदम करायचे तर इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरला केबीची मर्यादा सांगता येते, ही शोधाशोध ते स्वतः करतं. पण ते फक्त गुणवत्ता हलवतं. लांबी-रुंदी तूच कमी करून द्यायचीस.

फरशांचं कारण: जेपेग (फोटो दाबून साठवायची पद्धत, फाइलीच्या नावात जेपीजी) चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील आधी फेकतं. फार दाबलंस की चौकोनात एकच रंग उरतो.

आणि पाटी. ती पिवळी, अक्षरं लाल. उजेड-अंधार जेपेग नीट जपतं, रंग मात्र बहुतेक वेळा निम्म्या बारकाईने, कारण डोळ्याला ते सहसा कळत नाही. पिवळ्यावरच्या लाल ठिपक्याला कळतं. आपल्या लिपीत ठिपका म्हणजे अक्षरच. तेव्हा पाटीपुरता फोटो काप, आणि एक्स्पोर्टमध्ये सबसॅम्पलिंग ४:४:४ ठेव, म्हणजे रंगही पूर्ण बारकाईने राहतो. बाकीच्या फोटोंना ही चैन नको.

प्रेषक: एक सभासद

मधेच विचारते. पार्ल्याच्या आईच्या गॅलरीतल्या कंदिलाचा फोटो मी दिलाय. फोनच्या फोटोत जागेचा पत्ता असतो म्हणे. आई एकटी राहते. तो निघेल का?

प्रेषक: काका, गिरगाव

ताई, बरं विचारलंत. लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोत लिहिले जातात. एक्स्पोर्ट करताना ‘एक्झिफ’ची (फोटोसोबत लपून राहणाऱ्या या माहितीची) खूण काढायची, चार केबीही वाचतात. एकच सांभाळा: फोन उभा की आडवा धरला होता तेही त्यातच असतं. आधी फोटो सरळ करून मग खूण काढा. मी एकदा उलटं केलं आणि आमची ही तुळशीसकट आडवी पडली. अजून ऐकतोय.

प्रेषक: एक सभासद

एवढा खटाटोप कशाला? वेबपी (जेपेगसारखीच, पण नवी पद्धत) करा, त्याच दर्ज्याला फाइल लहान होते.

प्रेषक: संपादन समिती

दादा, खरं आहे, पण आपली साइट जुनी. जेपीजी आणि पीएनजीच घेते. पीएनजी एका फोटोवर करून पाहिला, १२०० पिक्सेललाही दीड एमबीच्या वर गेला. पुढच्या वर्षी साइटच बदलू.

काका, अडतीस फोटो बसले, बहुतेक ७० ते ८५ च्या गुणवत्तेला. फूलबाजाराचा ५० वर येऊनही बसेना, म्हणून त्याची रुंदी १००० केली. कंदिलाचा फोटो सरळ केला आणि एक्झिफ काढलं, ताईंनी तपासून घ्यावं.

पाटी कापून ४:४:४ ला केली, १४० केबी. अनुस्वार लखलखीत दिसतो. मुद्रितशोधनवाल्या ताईंना पाठवली, तर त्यांचं उत्तर: ‘मिळतील’ मधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व आहे. मोठं करून पाहिलं, खरंच आहे. ती मात्र दुकानदाराची. पाटी आहे तशीच छापतोय.