मुलाखतीला आजीच्या इरकलचा कुर्ता चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार. लेकीची पुढच्या बुधवारी डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी मुलाखत आहे. आजीच्या जुन्या इरकल साडीचा शिवलेला कुर्ताच घालायचा म्हणतेय. टोपपदराचे, म्हणजे इरकलच्या खास पदराचे, ताणे (उभे धागे) साडीच्या अंगाच्या ताण्यांत कसे गुंतवतात, हे ती इतकं छान सांगते की तिने तोच घालावा असं मलाही वाटतं. पण रंग गडद, काठ ठसठशीत. समोरच्यांना भपकेदार वाटेल का?

मावशी म्हणते, पांढरा शर्ट आणि काळी पँट. त्यात ती अवघडून बसते, बोलणंच खुंटतं. शिवाय धायरीहून स्कूटरवर जायचं, पाऊस आहेच.

कुणाच्या मुलांनी अशी मुलाखत दिली असेल तर कृपया सांगा. आणि पायात काय? कोल्हापुरी तर भिजेल.