शेजारच्या गावाचं पाणी जोडून घेताना...

प्रश्न: आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 80 मिलिग्रॅम निघालं. शेजारचं गाव पाइप जोडून द्यायला तयार आहे, पण त्यांच्यातले काही जण म्हणतात, तुमची घाण आमच्या टाकीत येईल. खरंच येते का? तोवर आम्ही उकळूनच पितोय.

उत्तर: उकळणं आधी थांबवा! नायट्रेट उडून जात नाही; पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 आहे. तान्ह्या बाळाचं बाटलीचं दूध तर या पाण्यात अजिबात कालवू नका.

उत्तर: त्यांची भीती अगदीच खोटी नाही. लाइनचा दाब उतरला की पाणी उलटं फिरू शकतं. जोडावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा आणि तुमची विहीर त्या लाइनपासून पूर्ण तोडा. नुसता कॉक बंद करून भागत नाही, कोणीतरी उघडतोच.

उत्तर: मीटर जोडावरच लावा, रीडिंग दोघांनी मिळून घ्या. शिवाय त्यांचा उपसा वाढला की दूषित पाणी जमिनीखालून तिकडे ओढलं जाऊ शकतं. तेव्हा त्यांच्याही विहिरीची तपासणी करत राहा.

प्रश्नकर्ता: कॉकचं पटलं. आमच्या कॉकची चावी हरवलीय, पोरं पक्कडीने फिरवतात. उद्याच पाइप कापून टोकाला बूच मारतो.