मदत हवी आहे: नव्या प्रणालीत विद्यार्थ्यांच्या नोंदी एकमेकांत मिसळल्या

सायली_७
विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात आहे. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या याद्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या आणि सगळा घोळ झाला. एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्याच नावावर दिसतेय. उद्या कुलसचिवांना संगणकीकरणाचे फायदे-धोके यावर टिपण द्यायचंय, आणि मुलं दाराशी ताटकळलीत. काय करू? लवकर सांगा.

पारिजात
याद्या कशातून घेतल्या? एकाच नावाची मुलं आहेत का? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

जुना_लिपिक
कागदी रजिस्टर बंद करू नका, एवढंच सांगतो. रजिस्टरातली खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकात कोणी गुण बदलले तर पत्ताही लागत नाही.

आभाळ
काका, हे पटलं नाही. ऑडिट लॉग चालू असेल तर कोणी, कधी, काय बदललं ते सगळं राहतं. रजिस्टर भिजलं तर दुसरी प्रत कुठे? बॅकअपच्या 3 प्रती, 2 वेगळ्या माध्यमांवर, 1 इमारतीबाहेर, असं ठेवा.

जुना_लिपिक
बॅकअप सगळेच घेतात हो. तो परत चढवून कोण बघतं? नेमका वेळेला उघडत नाही.

सायली_७
बॅकअपचं नंतर बघू! याद्या एक्सेलमध्ये होत्या, सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून चढवल्या. नावं वेगवेगळी आहेत.

कट्टेकरी
हजेरीला बोटांचे ठसे अजिबात घेऊ नका. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, ठसे बदलता येत नाहीत.

पारिजात
हजेरीचं कोणी विचारलंय? सायली, नोंदणी क्रमांक किती अंकी आहे?

सायली_७
16. त्याचा काय संबंध?

पारिजात
सगळा घोळ तिथेच आहे. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच धरतं, सोळाव्याचा शून्य करतं. म्हणजे ओळीने आलेल्या दहा मुलांचा क्रमांक एकच होतो. रकान्यात 2.02E+15 असं काही दिसत होतं का? क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मगच आकडे भरायचे. आता फॉरमॅट बदलून गेलेला अंक परत येणार नाही, मूळ नोंदींतूनच घ्यावा लागेल.

निशिगंध
टिपणात एक धोका ठळक लिहा. समुपदेशकाच्या आणि शिस्तभंगाच्या नोंदी वसतिगृहाच्या लिपिकाला दिसता कामा नयेत. ज्याचं जे काम, त्याला तेवढंच दिसावं. आपलं बोलणं कोणीही वाचतं असा संशय आला की मुलं समुपदेशकाकडे फिरकतच नाहीत, आणि ज्यांना खरी गरज असते तीच आधी लांब जातात.

सायली_७
पाहिलं. सगळ्यांच्या शेवटी 0 आहे! क्रमांक प्रवेश अर्जांवरून मिळतील. पण शिष्यवृत्तीची यादी सकाळीच बँकेकडे गेलीय.

पारिजात
मेल करत बसू नका, लेखा विभागात स्वतः जा आणि रक्कम जमा होण्याआधी यादी थांबवा. आणि चढवलेली फाइल पुसू नका. कोणाची नोंद कोणाच्या नावावर गेली ते तिच्यावरूनच लावता येईल.